इअरफोन घेताना: कानाचा आणि खिशाचा हिशेब

मंडळाच्या कार्यक्रमांत हल्ली मला एक प्रश्न वारंवार विचारला जातो. "तू सॉफ्टवेअरमध्ये आहेस ना, मग सांग, मुलाला गेमसाठी इअरफोन कोणता घेऊ? वायरचाच हवा, नॉइज कॅन्सलिंग हवा, आणि तोच मला बसमध्ये आणि ऑफिसच्या कॉललाही चालायला हवा." प्रश्न साधा वाटतो, पण त्याला एका ओळीत उत्तर देता येत नाही. 'वायर' आणि 'नॉइज कॅन्सलिंग' या दोन गोष्टी बाजारात क्वचितच खऱ्या अर्थाने एकत्र मिळतात. खोक्यावर मात्र त्या सर्रास एकत्र छापलेल्या असतात. म्हणून कंपन्यांची यादी देण्याऐवजी, खोके हातात घेतल्यावर काय पाहावे हे या लेखात सांगण्याचा विचार आहे. मी डॉक्टर नाही, आणि कुठल्या दुकानाचा विक्रेताही नाही. माझे शिक्षण इलेक्ट्रॉनिक्सचे, नोकरी डब्लिनमध्ये सॉफ्टवेअरची, आणि घरी गेम खेळणारा नऊ वर्षांचा मुलगा आहे. इतकीच माझी पात्रता.

१. आधी कान, मग यंत्र

आपल्या अंतर्कर्णात शंखाच्या आकाराची एक नळी असते. तिच्यात केसासारखी टोके असलेल्या सुमारे १५ हजार सूक्ष्म पेशी असतात. आवाजाच्या लहरींनी ही टोके हलतात आणि मेंदूकडे संदेश जातो. मोठ्या आवाजाने मेलेल्या पेशी माणसात पुन्हा उगवत नाहीत. त्वचा भरून येते, हाड जुळून येते, पण ही पेशी गेली की गेली. शिवाय ती जाताना दुखत नाही. आधी कानात शिट्टीसारखा बारीक आवाज राहू लागतो, मग गर्दीत बोललेले कळेनासे होते, आणि तोवर बरेच नुकसान होऊन गेलेले असते.

जागतिक आरोग्य संघटनेने प्रौढांसाठी सांगितलेली मर्यादा अशी: ८० डेसिबलचा आवाज आठवड्याला ४० तासांपर्यंत. मुलांसाठी तीच मर्यादा ७५ डेसिबल. डेसिबलचे गणित मात्र नेहमीच्या बेरजेसारखे नाही. आवाज ३ डेसिबलने वाढला की त्यातली ऊर्जा दुप्पट होते, म्हणून सुरक्षित वेळ निम्मा होतो. प्रौढांसाठी आठवड्याचा हिशेब साधारण असा पडतो:

८० डेसिबल: ४० तास
८५ डेसिबल: साडेबारा तास
९० डेसिबल: ४ तास
९५ डेसिबल: सव्वा तास
१०० डेसिबल: २० मिनिटे

हे आकडे पूर्ण आठवड्याचे आहेत, रोजचे नव्हेत, हे पुन्हा एकदा लक्षात घ्यावे.

१०० डेसिबल म्हणजे किती? पुण्यात विसर्जन मिरवणुकीच्या वेळी पूर्वीच्या अभियांत्रिकी महाविद्यालयातर्फे, म्हणजे आपल्या सीओईपीतर्फे, लक्ष्मी रस्त्यावरच्या चौकांत आवाजाची मोजणी होते. तिथली सरासरी १०० डेसिबलच्या पुढे गेल्याची नोंद अनेक वर्षांची आहे. आता दुसरा आकडा पाहा. युरोपमध्ये विकल्या जाणाऱ्या मोबाइल आणि खिशातल्या संगीतयंत्रांना २०१३ पासून लागू असलेल्या मानकानुसार आवाज ८५ डेसिबलला थांबतो. त्यापुढे जायचे तर इशारा मान्य करावा लागतो, आणि कमाल मर्यादा १०० डेसिबल आहे. म्हणजे आवाज पूर्ण वाढवलेला मोबाइल कायद्याच्या चौकटीत राहूनही लक्ष्मी रस्ता आपल्या कानात आणू शकतो. शिवाय हा नियम खिशात घेऊन फिरण्याच्या यंत्रांसाठी आहे. टेबलावरच्या गेमिंग संगणकाने तो पाळलेलाच असेल असे धरून चालू नये.

जानेवारी २०२४ मध्ये 'बीएमजे पब्लिक हेल्थ' या नियतकालिकात व्हिडिओ गेम आणि श्रवण या विषयावरच्या १४ अभ्यासांचा आढावा प्रसिद्ध झाला. त्यात ५० हजारांहून अधिक लोकांची माहिती होती. गेम खेळणारे बऱ्याचदा सुरक्षित मर्यादेच्या आसपास किंवा वर ऐकतात, असा त्याचा रोख होता. गेममधले स्फोट आणि गोळीबार यांचे क्षणिक आवाज तर ११९ डेसिबलपर्यंत गेल्याचे त्यात नमूद आहे.

आता मुख्य मुद्दा. माणूस आवाज का वाढवतो? बहुतेक वेळा बाहेरचा गोंगाट दाबण्यासाठी. डब्लिन बसचे इंजिन गुरगुरते म्हणून ९० डेसिबलने ऐकणाऱ्या माणसाला, बाहेरचा आवाज अडल्यामुळे, तेच गाणे ८० डेसिबलवर स्वच्छ ऐकू आले, तर त्याचा सुरक्षित वेळ ४ तासांवरून ४० तासांवर जातो. दहापट. इअरफोनवर खर्च करायचा तो याच दहापटीसाठी. जो इअरफोन घातल्यावर आपण आवाज कमी ठेवू शकतो, तो चांगला. बाकी सर्व गुण त्यानंतर.

२. 'नॉइज कॅन्सलिंग' या शब्दाचे तीन अर्थ

खोक्यावरचा हा शब्द तीन निरनिराळ्या गोष्टींसाठी वापरला जातो, आणि सगळा घोटाळा तिथे आहे.

पहिला अर्थ, आवाज अडवणे. रबराची किंवा फोमची टोपी कानाच्या छिद्रात घट्ट बसते आणि बाहेरचा आवाज आत येऊ देत नाही. खिडकी बंद केल्यासारखेच हे आहे. याला बॅटरी लागत नाही. लहान मुलाचे रडणे, बोलणे, भांड्यांचा आवाज, कीबोर्डची टकटक अशा वरच्या पट्टीच्या आवाजांवर हा उपाय उत्तम चालतो.

दुसरा अर्थ, आवाज पुसणे. हेच खरे नॉइज कॅन्सलेशन. इअरफोनमधला छोटा माइक बाहेरचा आवाज ऐकतो, आतली चिप त्याची नेमकी उलटी लहर तयार करते, आणि दोन्ही लहरी एकमेकींना खाऊन टाकतात. ही कल्पना जुनी आहे. पाउल ल्यूग या जर्मन संशोधकाला तिचे अमेरिकन पेटंट १९३६ मध्ये मिळाले. पुढे १९७८ मध्ये झुरिकहून परतताना विमानात मिळालेल्या हेडफोनमधून इंजिनाच्या घरघरीमुळे काही नीट ऐकू येईना, म्हणून अमर बोस यांनी प्रवासातच या विषयाचे गणित मांडायला घेतले. हे बोस म्हणजे एमआयटीचे प्राध्यापक आणि बंगालमधून अमेरिकेत गेलेल्या क्रांतिकारकाचे चिरंजीव. त्यांच्या कंपनीने १९८९ मध्ये वैमानिकांसाठी असा हेडसेट बाजारात आणला.

हे तंत्र खालच्या पट्टीच्या, एकसुरी आवाजावर चालते. कारण भौतिकशास्त्रात आहे. १०० हर्ट्झच्या घरघरीची एक लहर जवळजवळ साडेतीन मीटर लांब असते, तिला उलटी लहर जुळवणे सोपे. ५००० हर्ट्झची लहर जेमतेम ७ सेंटिमीटरची, ती जुळवताना केसभर चूक झाली तरी हिशेब बिघडतो. म्हणून विमान, बस, डार्ट, लॅपटॉपचा पंखा यांवर ते जादूसारखे चालते. कुकरच्या शिट्टीवर फारसे चालत नाही.

तिसरा अर्थ, माइकचा. गेमिंग इअरफोनच्या खोक्यावर हा सर्वाधिक दिसतो. यात आपण बोलताना आपल्या मागचा गोंगाट समोरच्याला कमी ऐकू जातो. सोय चांगली आहे, ऑफिसच्या कॉलला उपयोगीही आहे, पण आपल्या कानाला तिचा काडीचा उपयोग नाही. 'नॉइज कॅन्सलिंग माइक' यातला शेवटचा शब्द बारीक अक्षरांत असतो, तो वाचावा.

आता दुकानात वापरण्याजोगी एक खूण सांगतो. आवाज पुसणाऱ्या चिपला वीज लागते. ३.५ मिलिमीटरच्या जुन्या गोल पिनेतून मुख्यतः आवाज येतो, अशी चिप चालवण्याइतकी वीज येत नाही. म्हणून इअरफोनला गोल पिन आहे, वायरवर बॅटरीची डबी नाही, चार्ज करण्याची सोय नाही, आणि तरीही खोक्यावर नॉइज कॅन्सलिंग लिहिले आहे, तर ते पहिल्या किंवा तिसऱ्या अर्थाने आहे असे खुशाल समजावे. यूएसबी-सी पिनेतून मात्र वीज मिळते, त्यामुळे त्या पिनेचा इअरफोन बॅटरीशिवायही खरे नॉइज कॅन्सलेशन करू शकतो.

३. वायरच का?

बिनवायरच्या काळात वायर मागणारे लोक जुनाट आहेत असे मला वाटत नाही. गेमसाठी तर वायरीचे कारण अगदी ठोस आहे. ब्लूटूथमध्ये आवाज दाबून पॅक करायचा, हवेतून पाठवायचा आणि उलगडायचा, यात साधारण १०० ते २५० मिलिसेकंद जातात. सेकंदाला ६० चित्रे दाखवणाऱ्या गेममध्ये एक चित्र सुमारे १७ मिलिसेकंद टिकते. म्हणजे २०० मिलिसेकंद उशीर झाला तर आवाज पोहोचेपर्यंत पडदा १२ चित्रे पुढे गेलेला असतो. चित्रपट पाहताना यंत्र हा फरक जुळवून घेते, गेममध्ये ते शक्य नसते. वायरीत हा उशीर जाणवण्याइतका नसतो.

दुसरे, ब्लूटूथवर माइक सुरू केला की बऱ्याच संगणकांवर ऐकू येणाऱ्या आवाजाचा दर्जा टेलिफोनसारखा होतो. तिसरे, वायरवाला इअरफोन सकाळी चार्ज करायला विसरलो तरी संध्याकाळी चालतो. आणि चौथे कारण पैशाचे: कानात घालायच्या बिनवायरच्या इअरफोनमधली इवलीशी बॅटरी काही वर्षांत थकते आणि बहुधा बदलता येत नाही, मग चांगला स्पीकरही कचऱ्यात जातो.

४. कुठे कोणती पिन?

घरातली यंत्रे आधी मोजावीत, मग पिन ठरवावी. प्लेस्टेशन ५ आणि एक्सबॉक्स यांना साधा ब्लूटूथ हेडफोन थेट जोडता येत नाही. पण दोघांच्या कंट्रोलरला ३.५ मिलिमीटरचे भोक असते, त्यात माइकसह वायर चालते. निन्टेंडो स्विचलाही असे भोक आहे. स्विचवर २०२१ पासून ब्लूटूथने ऐकता येते, मात्र त्यात ब्लूटूथ माइक चालत नाही. टेबलावरच्या जुन्या संगणकाला ऐकण्याचे आणि माइकचे भोक वेगवेगळे असते, तिथे दोन शेपट्यांचा जोड लागतो. गोल पिनेवर तीन काळ्या रेघा असतील तर तिच्यात माइकची सोय आहे, दोन असतील तर फक्त ऐकणे.

मोबाइलचे चित्र वेगळे आहे. आयफोनने २०१६ मध्ये गोल भोक काढून टाकले आणि २०२३ च्या आयफोन १५ पासून यूएसबी-सी आणले. बहुतेक अँड्रॉइड फोनही आता यूएसबी-सीचेच आहेत. माझा सल्ला असा: गेम कंट्रोलरवर खेळायचे असेल तर गोल पिनेचा इअरफोन घ्यावा, आणि मोबाइलसाठी यूएसबी-सीचा छोटा अडॅप्टर वेगळा घ्यावा. अडॅप्टर घेताना ज्याच्यात आवाजाची स्वतःची चिप आहे, म्हणजे ज्यावर 'डॅक' लिहिले आहे, तोच घ्यावा. बिनचिपेचे स्वस्त अडॅप्टर अनेक फोनवर मुकेच राहतात.

५. प्रत्यक्षात पर्याय कोणते?

वायरचा, कानात घालायचा आणि खरोखर आवाज पुसणारा प्रसिद्ध इअरफोन म्हणजे २०१३ चा बोस क्यूसी२०. त्याच्या वायरवर बॅटरीची चपटी डबी होती. तो आता बनत नाही. जुना कुठे विकायला दिसला तरी घेऊ नये. त्याची बॅटरी वयस्क झालेली असणार, आणि कानात घालायची वस्तू तशीही दुसऱ्याची वापरू नये. आज उरतात ते तीन मार्ग.

पहिला मार्ग, घट्ट बसणारा साधा वायरचा इअरफोन आणि फोमच्या टोप्या. वादकांच्या धर्तीचे, कानामागून वायर नेणारे इअरफोन २० ते ५० युरोंत चांगले मिळतात. अनेकांची वायर काढता येते, म्हणजे वायर तुटली तर फक्त वायरच बदलायची. घरात गेम, कॉल, अभ्यास यांसाठी बहुतेक कुटुंबांना एवढे पुरेसे आहे. आपली इथली घरे आठवून पाहा: लाकडी मजला, वर मुलांची धावपळ, खाली आजी-आजोबांची मालिका. हे सगळे आवाज अडवण्याने कमी होणारे आहेत.

दुसरा मार्ग, यूएसबी-सी पिनेचा, आवाज पुसणारा इअरफोन. मोबाइल आणि लॅपटॉपसाठी सोयीचा, पण पर्याय थोडे, आणि गेम कंट्रोलरच्या गोल भोकात तो जाणार नाही.

तिसरा मार्ग, कान पूर्ण झाकणारा, नॉइज कॅन्सलिंग असलेला आणि वायरही लावता येणारा हेडफोन. सोनी, बोस यांचे असे हेडफोन वायर लावून आवाज पुसत राहतात. लांबचा प्रवास नेहमी करणाऱ्यांना हा योग्य. मुंबईला जाताना दुबई किंवा दोह्याला विमान बदलत आपण जो दिवस घालवतो, त्यात केबिनचा आवाज ८० ते ८५ डेसिबल असतो. तिथे खरे नॉइज कॅन्सलेशन पैसे वसूल करते. मात्र वायर लावल्यावर माइक चालतोच असे नाही, हे विकत घेण्यापूर्वी विचारावे.

'७.१ सराउंड' या शब्दांना भुलू नये. दोन कानांत दोनच स्पीकर असतात, बाकी सॉफ्टवेअरची करामत असते आणि ती बहुतेक वेळा गेममध्ये किंवा कन्सोलमध्ये फुकट मिळते. रंगीत दिव्यांनी नेमबाजी सुधारत नाही, हे मुलांना पटवणे आपापल्या जबाबदारीवर.

६. कानात नीट बसला का?

शंभर युरोंचा इअरफोन सैल बसला तर वीस युरोंच्या घट्ट इअरफोनपुढे हरतो. खोक्यात लहान, मध्यम, मोठ्या अशा टोप्या येतात. तिन्ही घालून पाहाव्यात. डावा आणि उजवा कान वेगळ्या मापाचे असू शकतात. कान किंचित मागे-वर ओढून टोपी आत बसवावी. फोमची टोपी आधी बोटांनी दाबून बारीक करावी आणि कानात फुगेपर्यंत धरून ठेवावी. नीट बसल्यावर स्वतःचे बोलणे डोक्यात घुमल्यासारखे वाटते, तीच खूण. तबला किंवा ढोलकी पातळ ऐकू येत असेल तर कुठेतरी फट आहे.

मग ही परीक्षा घ्यावी. घरात सगळे शांत असताना आवाज सुखकर वाटेल इतका ठेवावा आणि पडद्यावरचा आकडा लक्षात ठेवावा. दुसऱ्या दिवशी बसमध्ये त्याच आकड्यावर ऐकावे. आकडा बराच वाढवावा लागला तर टोपी बदलावी, आणि तरीही भागले नाही तर इअरफोन.

७. पैसे आणि पावती

आयर्लंडमध्ये या वस्तूंवर २३ टक्के व्हॅट आहे. युरोपियन युनियनबाहेरून मागवलेल्या पार्सलवर २०२१ च्या जुलैपासून किमतीची सूट न देता व्हॅट लागतो, म्हणून परदेशी किंमत इथल्या किमतीशी थेट ताडू नये. भारतातून येताना आणलेला इअरफोन स्वस्त पडतो खरा, पण त्याची वॉरंटी बहुधा तिथलीच असते.

इथे घेतलेल्या वस्तूला कंझ्युमर राइट्स ॲक्ट २०२२ चे संरक्षण आहे. सदोष वस्तूची जबाबदारी विकणाऱ्या दुकानाची असते. दुकानाने "कंपनीला लिहा" म्हणून हात झटकणे बरोबर नाही. दोष असल्यास पहिल्या ३० दिवसांत पैसे परत मागता येतात, आणि त्यानंतरही दुरुस्ती किंवा बदली मागण्याचा हक्क राहतो. पावतीचा मोबाइलवर फोटो काढून ठेवावा. ऑनलाइन खरेदी १४ दिवसांत कारण न देता रद्द करता येते, पण आरोग्याच्या कारणाने सीलबंद असलेल्या वस्तूचे सील तोडले तर हा हक्क जाऊ शकतो. तेव्हा सील तोडण्याआधी पिन, माइक, मॉडेल सारे तपासावे. जुना इअरफोन कचऱ्याच्या डब्यात टाकू नये. नवा घेताना तशाच प्रकारची जुनी वस्तू दुकानाला फुकट परत घ्यावी लागते.

आता उलट बाजूचा हिशेब. श्रवणयंत्रांच्या जोडीची किंमत हजारो युरोंत जाते. पीआरएसआय पुरेसे भरलेले असेल तर ट्रीटमेंट बेनिफिट योजनेतून प्रत्येक यंत्राला जास्तीत जास्त ५०० युरो, तेही चार वर्षांतून एकदा मिळतात. बाकीचे आपल्या खिशातून. आणि यंत्र कितीही चांगले असले तरी मूळचा कान ते परत देत नाही.

८. घरात पाळायचे नियम

मुलांच्या फोनवर आवाजाची मर्यादा आपण लावावी. आयफोनच्या सेटिंगमध्ये हेडफोनचा मोठा आवाज ७५ डेसिबलपासून पुढे कुठे अडवायचा ते ठरवता येते. जिथे आकडा कळत नाही, तिथे कमाल आवाजाच्या ६० टक्क्यांपुढे जाऊ नये. अनेक गेममध्ये संगीत, स्फोट आणि बोलणे यांचे आवाज वेगवेगळे ठेवता येतात. स्फोट आणि संगीत उतरवले की शत्रूची पावले उलट जास्त स्पष्ट ऐकू येतात. ही युक्ती माझ्या मुलाला उपदेशापेक्षा लवकर पटली.

तासाभराने दहा मिनिटे कान मोकळे ठेवावेत. टोप्या आठवड्यातून एकदा साबणाच्या पाण्याने धुऊन पूर्ण वाळवाव्यात, फोमच्या असतील तर बदलत राहाव्यात. भावंडांनी एकमेकांचे इअरफोन वापरू नयेत. कान वाहत किंवा दुखत असेल तर ते घालूच नयेत. सायकलवर आणि लुआसचे रूळ ओलांडताना कान उघडे असावेत, ट्राम फार आवाज न करता येते. ढोल-ताशाच्या सरावाला इअरफोन हे संरक्षण नव्हे. तिथे युरोपीय मानक ईएन ३५२ छापलेले साधे कानातले बोळे वापरावेत, ते काही युरोंत मिळतात.

कानात शिट्टी राहू लागली, किंवा मूल टीव्हीचा आवाज वरचेवर वाढवू लागले, तर जीपींना दाखवून श्रवणचाचणीची चिठ्ठी घ्यावी. एका कानाने अचानक कमी ऐकू येऊ लागले तर वाट पाहू नये, त्याच दिवशी डॉक्टर गाठावा. अशा वेळी पहिले काही दिवस मोलाचे असतात.

थोडक्यात

१. घरातली यंत्रे पाहून पिन ठरवा.
२. खोक्यावरचे 'नॉइज कॅन्सलिंग' कोणत्या अर्थाचे ते ओळखा. गोल पिन असून बॅटरी नसेल तर ते खरे नाही.
३. घरी आणि गेमसाठी घट्ट बसणारा साधा वायरचा इअरफोन पुरेसा आहे. विमानासाठी कान झाकणारा हेडफोन.
४. टोपीच्या मापावर दहा मिनिटे खर्च करा.
५. पावती जपा, सील विचार करून तोडा.
६. आवाजाचा आकडा ठरवा आणि तो घरातल्या सर्वांना लागू करा, आपल्यासकट.